सहाव्या रात्रीचं टेबल

क्रूझच्या सहाव्या रात्री आमच्या टेबलाशी भलताच वेटर येऊन उभा राहिला.

"आमचा आरोंदेकर कुठंय?" मी विचारलं.

"त्याला आजपासून खाली भांडी धुवायला लावलंय, मॅडम. कुणीतरी तक्रार केलीय."

ह्यांनी मेन्यूकार्डात तोंड खुपसलं.

बोटीवर आठवडाभर प्रत्येकाचं टेबल ठरलेलं असतं आणि वाढणाराही ठरलेला. ह्यांचा चातुर्मास, म्हणून दोघांनाही कांदा-लसूण बंद. सावंतवाडीकडचा हा आरोंदेकर रोज आचाऱ्याच्या विनवण्या करून आमच्यासाठी वेगळी भाजी करून आणायचा.

"तक्रार तुम्ही केलीत?"

"तक्रार कसली! बिलात परस्पर टिप लावतात, ती काढून घेतली. फॉर्मवर कारण विचारतात, म्हणून ‘सेवा वाईट’ लिहिलं. सगळेच लिहितात गं."

"कांदा खाल्ला की तुमचा चातुर्मास मोडतो. आणि खोटं लिहिलं की?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत!"

मी तडक काउंटरवर गेले. ह्यांचा फॉर्म मागून घेतला आणि टराटरा फाडला. टिप पुन्हा लावायला सांगितली. आरोंदेकरला आत्ताच्या आत्ता वर बोलवा, म्हटलं, तोवर मी इथून हलणार नाही. तो हात पुसत वर आला, तेव्हा काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "आता मला टेबल बदलून हवंय. वाढायला हाच."

"किती जणांचं, मॅडम?"

"एकटीचं. आणि आचाऱ्याला सांगा, कांदा भरपूर घाल म्हणावं."