कुंचीचे बंद

चांदीनं पुन्हा लाथ झाडली आणि कोमट पाण्याचं मडकं कलंडलं. तुळसा रागावली नाही. चुलीवर उरलेलं पाणी तिनं आणलं, त्यात मिठागरावरचं जाडं मीठ टाकलं, फडकं बुडवून पिळलं आणि शेळीच्या कासेला परत लावलं. कास दगडासारखी झाली होती. चांदीचं करडू आजारी पडल्यापासून पीत नव्हतं, आणि आज पहाटे ते गेलं. दूध आत तसंच साकळून राहिलेलं. नुसता हात लागला तरी शेळी थरथरायची.

"दुखतंय गं. ठाव हाय मला," तुळसा म्हणाली.

ते तिला खरंच ठाऊक होतं. तिचं तान्हं तापानं जाऊन थोडेच दिवस झाले होते. चोळीखाली करकचून बांधलेलं लुगड्याचं धडपं दुपारपर्यंत ओलंचिंब व्हायचं. अंगात सारखी कणकण.

शेजारच्या खोपटात दुसरं एक तान्हं रडत होतं. दुष्काळात घाट उतरून कल्याणला आलेली मालन त्याला जन्म देताच वारली होती. तुळसाची सासू, आवडाबाई, त्याला कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजायची. ते ओकून टाकायचं. त्याचा आवाज आता मांजराच्या पिलाएवढा उरला होता. आवडाबाईनं सुनेला एकदा विचारून पाहिलं होतं. तुळसानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. माझं दूध माझ्या बाळाचं, एवढंच ती बोलली होती. सासूनं पुन्हा विषय काढला नव्हता.

शेकून शेकून सडातून थोडं गाठाळ दूध आलं. तेवढ्यानं भागणार नव्हतं. कास मोकळी व्हायला पिणारं तोंड पाहिजे, आवडाबाई म्हणाली. कळपात एक पोरकं करडू होतं, त्याची आई पान लागून, साप चावून मेलेली. पण ते जवळ आलं की चांदी त्याला हुंगायची आणि शिंगानं उडवून लावायची.

मग आवडाबाईनं मेलेल्या करडाचं कातडं सोलून आणलं. पोरक्याच्या पाठीवर ते पांघरलं आणि पोटाखालून सुतळी घेतली. धनगराच्या घरात यात नवं काही नव्हतं. तुळसानं माहेरीही पाहिलेलं. आज मात्र तिला ते बघवेना.

"मुक्या जनावराला फसवताय, आत्याबाई?"

आवडाबाईनं सुतळीची गाठ मारली. तू आपली कास शेकत राहा, म्हणाली.

चांदीनं करडू हुंगलं. आधी पाठ, मग शेपटीकडे, मग तोंड. तोंडाशी ती थबकली. तिथं कातडं नव्हतं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिनं मागचे पाय फाकवले. करडू ढुशा देत पिऊ लागलं.

दिवस कलला. खाडीवरून वारा सुटला. तुळसा दारात बसली होती. एकाएकी तिच्या ध्यानात आलं, शेजारचं रडणं ऐकू येत नाही. ती घाबरून उठणार, तोच आवडाबाई समोरून आली आणि हातातलं बोचकं तिनं सुनेच्या मांडीवर ठेवलं.

बोचक्याला हिरवी कुंची होती. तुळसानं दिवस भरत आले असताना आपल्या बाळासाठी शिवलेली. उशाखाली ठेवलेली, न धुतलेली. आज सकाळपासून ती तीच शोधत होती. तिनं ती नाकाशी धरली. वेखंड, तेल, आंबूस दूध. तोच वास. छातीतून कळ निघाली आणि धडपं भिजून गेलं.

तिनं मान वर केली. आवडाबाई जमिनीकडे बघत उभी होती, चोरी पकडली गेल्यासारखी.

तुळसा कुंचीचे बंद सोडू लागली.

"ऱ्हाऊ दे गं त्याच्या अंगावर," आवडाबाई घाईनं म्हणाली.

तुळसानं कुंची काढली, घडी घालून बाजूला ठेवली. आत एक परकं, सुरकुतलेलं तोंड होतं. ती थबकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं चोळीची गाठ सोडली.

"चांदीलाबी कळलं व्हतं, आत्याबाई."