फोटोखालचं नाव

"फोटो कुणी काढलेत?" संग्रहालयाच्या अधिकारी बाईंनी विचारलं.

"बाबांनी," आत्याला घेऊन आलेला भाचा म्हणाला. "सगळेच्या सगळे. अल्बमवर नावच आहे त्यांचं. प्रत्येक फोटोखाली ते आलं पाहिजे, ठळक. आणि आम्हाला विचारल्याशिवाय कुणी कुठे छापायचे नाहीत. हल्ली लोक दिसला फोटो की उचलतात."

बाईंनी पांढरे हातमोजे चढवून फोटो लांबलचक टेबलावर मांडले होते. औषधांचं दुकान, दुकानासमोरचा दगडी रस्ता, कोपऱ्यावरची घोडागाडी. यातलं आता काहीच उरलं नव्हतं, म्हणून तर संग्रहालयाला ते हवे होते.

आत्या पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. घरी एकटी कंटाळेल म्हणून भाच्याने तिला सोबत आणलं होतं. जन्मभर तिने पहिलीचा वर्ग शिकवला होता.

"जरा इकडे ये बघू," ती म्हणाली. "या चित्रात कोण दिसतं?"

भाचा साठीचा होता. तरी आला. त्याची पहिलीही याच आवाजापुढे गेली होती.

"बाबा."

"आणि यात?"

"बाबा. दुकानाच्या पायरीवर."

"या सायकलवर?"

"बाबाच की."

"छान. मग फोटो कोण काढतंय?"

भाचा टेबलावर वाकला. म्हणाला, "बटण दाबून पळत येऊन उभे राहत असतील."

"सायकलवर?"

अधिकारी बाईंना अचानक हातमोजा नीट करावासा वाटला.

"अगं, पण ते कॅमेऱ्याला कुणाला हात लावू देत नसत."

"मला देत होता. दादाला फोटो काढायचे नव्हते रे. त्याला फोटोत यायचं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"घरातल्या घरात होतं तोवर चालून गेलं. इथे पोरं येतील, खालचं वाचतील. त्यांना चुकीचं शिकवायचं?"

भाचा असा सहजासहजी हटणारा नव्हता. "उद्या कुणीही येऊन म्हणेल, मी काढले. हा रुबाब बघा बाई, ही पुढे काढलेली छाती. हा माणूस..."

"रुबाब कसला," आत्या म्हणाली. "मी म्हणायचे, दादा, पोट आत घे. तो श्वास धरून उभा राहायचा आणि मी मुद्दाम वेळ लावायचे. तो बाजूला ठेवलेल्या पाकिटातला फोटो दे इकडे."

"तो खराब आहे. तो द्यायचा नाहीये."

"दे."

त्या फोटोत बाबांचं पोट सुटलेलं होतं, कोटाचं बटण निघालं होतं, आणि कॅमेऱ्याकडे बोट रोखून ते तोंड फाडून ओरडत होते.

"आता नीट बघ," आत्या म्हणाली. "कुणावर ओरडतोय?"

भाच्याने चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. बायकोवर बाबांचा आवाज कधी चढला नव्हता, मुलांवर तर नाहीच. असं बोट नाचवून ते घरात एकाच माणसाशी भांडत.

"तुझ्यावर," तो हळूच म्हणाला.

"बरोब्बर. बस जागेवर."

अधिकारी बाईंनी आधीचं नाव खोडून आत्याचं लिहिलं. "हक्कही तुमचेच, आजी. कुणालाही हे फोटो वापरायचे असतील, तर तुमची परवानगी लागेल आणि खाली तुमचं नाव."

"कुणालाही?"

"कुणालाही."

आत्या भाच्याकडे वळली. "दिवाणखान्यात दादाचा मोठा करून लावलायस ना, चंदेरी चौकटीतला? तोही माझाच आहे."

"मग काय, उतरवू तो?"

"कशाला? चांगला आलाय. खाली माझं नाव घाल."

"आत्या, बाबांच्या मिशांखाली तुझं नाव? येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेल, हे त्यांचंच नाव."

"वाटू दे की," आत्या पिशवी सावरून उठत म्हणाली. "माझ्या फोटोंवर त्याचं नाव होतं, तेव्हा तुम्हाला कुणाला कुठे काही वाटलं?"