दांडीचं माप

शरणबसवने खताच्या पोत्यातून गिटार बाहेर काढली आणि टेबलावर आडवी ठेवली. पुढची फळी आत बसली होती. आत डकवलेली त्याच्या दुकानाची चिठ्ठी कुणीतरी खरवडून काढली होती. दांडी तेवढी शाबूत होती.

"नुसतं बघून सांगू नका," हवालदार वैजयंतीबाई म्हणाल्या. "मापं घ्या. तुमच्या वहीशी जुळतात का, तेवढंच मला लिहून न्यायचंय."

समोर मैंदर्गीची चन्नम्मा बसली होती, शेजारी तिचा थोरला, विरेश. धाकटा प्रभु दोन महिन्यांपासून बेपत्ता होता. पुण्याला कार्यक्रम आहे म्हणून गिटार घेऊन निघाला. विरेशच त्याला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडून आला होता. परवा मोहोळजवळच्या एका कोरड्या विहिरीत हे पोतं सापडलं. गिटार प्रभुची निघाली, तर उद्या विहिरीतले दगडधोंडे उपसायचे होते. नाही निघाली, तर शोध दुसरीकडे.

तीन वर्षांपूर्वी प्रभुची गिटार शरणबसवनेच बांधली होती. पोराची बोटं आखूड, म्हणून दांडी नेहमीपेक्षा अरुंद ठेवली होती.

त्याने पट्टी लावली. पोटाची लांबी एकोणपन्नास सेंटिमीटर. रुंदी अडतीस. खोली दहा. वैजयंतीबाई प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहत होत्या. सगळे जुळले.

"साचा एकच असतो," शरणबसव घाईने म्हणाला. "अशा शंभर निघतील. खरं माप दांडीचं. प्रभुची एकेचाळीस मिलिमीटर होती. बाकीच्या त्रेचाळीस."

विरेशने मान खाली घातली. चन्नम्मा मात्र शरणबसवच्या हाताकडे एकटक बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "तो येईल म्हणून दाराची कडी न लावता निजतो आमी. त्याची न्हाय न्हवं ही?"

शरणबसवने पट्टी दांडीवर टेकवली. रेघ एकेचाळीसवर होती. त्याने पट्टी उचलली, पुसली, पुन्हा टेकवली. एकेचाळीस.

"त्रेचाळीस," तो म्हणाला.

"नक्की?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"नक्की. लाकूड झिजतं बाई, वाढत नाही."

चन्नम्माने पदर तोंडाला लावला आणि हुंदके देत कितीतरी वेळ हात जोडत राहिली. वैजयंतीबाईंनी कागदावर शरणबसवची सही घेतली, पोतं बांधलं आणि त्या निघून गेल्या. विरेश आईला धरून रिक्षाकडे घेऊन गेला.

शरणबसवने वही मिटली. विहिरीतले दगड काही पळून जात नव्हते. उद्या एकट्याने चौकीत जायचं, चूक झाली म्हणायचं. आजचा दिवस तिला घरी सुखाने जाऊ दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

तेवढ्यात विरेश एकटाच परत आला. त्याने शटर निम्मं खाली ओढलं.

"मास्तर, तुमी माप खोटं सांगितलं. मी बघितलं."

तुझ्या आईकडे बघवलं नाही, एवढंच शरणबसव पुटपुटला.

"व्हय. तिला सोसलं नसतं." विरेशने वाकून त्याच्या पायांना हात लावला. "समदं वळखून पण तुमी झाकलंत. लई उपकार झाले. खरं सांगतो मास्तर, मी एकच घाव घातला हुता. तेवढ्यानं प्रभु जाईल असं वाटलं न्हवतं."