पंधरावा मुद्दा

"नोकरी देणारा माणूस बनियनवर बसत नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. म्हणून बाबा उठले, शर्ट चढवला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि जेवणाच्या टेबलापलीकडे साहेब होऊन बसले.

"या मॅडम. बसा."

मुलगी हसू दाबत बसली. पदवी हातात येऊन वर्ष उलटलं होतं. एकतीस अर्ज केले होते, त्यातल्या बहुतेकांनी साधं नाही म्हणायचीही तसदी घेतली नव्हती. आता कुठे मुलाखतीचं पहिलं बोलावणं आलं होतं, गुरुवारी सकाळी अकराचं. कंपनीचं नाव गुलदस्त्यात होतं, पत्ताही बुधवारी रात्रीच कळणार होता. मध्ये एक एजन्सी होती, तिने फक्त कामाचं स्वरूप लिहिलेला कागद पाठवला होता. औषधांच्या गोदामातली थंड खोली सांभाळायची. बाबांनी अशाच एका थंड खोलीत बावीस वर्षं काढली होती, तेव्हा शिकवणी घरातच होती. शिवाय योग कसा जुळून यावा, तर त्यांच्या साहेबांनी परवाच आपणहून म्हटलं होतं, तुमची रजा बरीच साठलीय, गुरुवारी घरी थांबा. बाबा साहेबांवर खूश होते. लेकीला ते स्वतः स्कूटरवरून नेऊन सोडणार होते.

"लसींचा खोका दोन तास उन्हात राहिला. काय कराल?"

"वर कळवीन."

"आधी खोका बाजूला काढायचा. कळवत बसलात, तर तेवढ्यात कुणीतरी तो गाडीत चढवतो."

मुलीने ते लिहून घेतलं. मग एजन्सीचा कागद पुढे ओढला. "आता ह्यातलं. सातवा मुद्दा बघा. सकाळची तापमानाची नोंद नऊला न घेता नऊ वाजून दहा मिनिटांनी घ्यावी. का? नऊचा मुहूर्त चांगला नाही की काय यांचा?"

"नऊपर्यंत पहिली गाडी भरत असते, दार सताड उघडं. तेव्हा काटा खोटं बोलतो," बाबा म्हणाले. "दार लावून दहा मिनिटं दिली की खरं बोलायला लागतो."

"वा. हे मी असंच्या असं सांगणार."

ती लिहीत राहिली. बाबांचा हात मात्र टेबलावर तसाच राहिला.

"बघू तो कागद," ते म्हणाले.

आठवा मुद्दा होता, नोंदवही दाराबाहेर टांगावी, आत ठेवल्यास थंडीने पेन उठत नाही. अकरावा होता, मोजणी मागच्या कप्प्यापासून सुरू करावी, म्हणजे जुना माल आधी नजरेस पडतो. नजरेस पडतो, हे शब्दसुद्धा त्यांचेच होते. दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला होता. आपण काय काय करतो ते लिहा, फाईलला लागतं. गाडीवाल्याने तीन ओळी खरडल्या आणि बाबांना म्हणाला, काका, माणसाने जरा हातचं राखून लिहावं. बाबांनी समास आखून, तीन संध्याकाळी खर्चून, चौदा मुद्दे लिहिले होते. असं कुणीच लिहिलं नाही, असं साहेब म्हणाले, हे त्यांनी याच टेबलावर दोनदा सांगितलं होतं.

कागदाच्या तळाशी दोनच ओळी त्यांच्या नव्हत्या. वय तिशीच्या आत. निवड झाल्यास लगेच रुजू व्हावे लागेल.

आणि गुरुवारची रजा साहेबांनीच सुचवली होती.

"काय झालं? अवघड आहे का?" मुलीने विचारलं.

"नाही. नीट लिहिलंय."

"मलाही तेच वाटलं. ज्याने लिहिलंय त्याचं कामावर फार प्रेम असणार." तिने पेनाचं टोपण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "बाबा, ही मला मिळेल. आजवर एकदाही असं वाटलं नव्हतं."

"साहेब चहा घेणार का?" आईने आतून विचारलं.

सांगावं, असं बाबांच्या ओठांवर आलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ते शुद्धलेखन घालताना बसायची, तशीच ती बसली होती, वहीवर वाकून, पुढच्या शब्दाची वाट बघत. त्यांना भीती वाटली. ही भीती तिच्यासाठी नव्हती, स्वतःसाठी होती, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"लिही," ते म्हणाले. "पंधरावा मुद्दा."

"कागदात चौदाच आहेत."

"चौदाच लिहिलेत. आत असताना दार लागलं आणि कडी अडकली, तर हाका मारत बसू नकोस. बाहेर ऐकू जात नाही. खाली, डाव्या कोपऱ्यात टाच मारायची. दोनदा, जोरात."

हा एक मुद्दा त्यांनी लिहिला नव्हता. ती कडी दुरुस्त करून घेणं हे त्यांचंच काम होतं आणि आज करू, उद्या करू म्हणता म्हणता चार वर्षं राहून गेलं होतं.

मुलीने पंधरा आकडा घातला, दोन शब्द लिहिले आणि पेन थांबवलं.

"पण बाबा, त्यांच्या दाराची कडी कशी आहे, हे तुम्हाला काय माहीत?"

बाबांनी चष्मा पुन्हा नाकाच्या शेंड्यावर ओढला.

"प्रश्न मी विचारायचे, मॅडम," ते म्हणाले. "कुठला कोपरा? म्हणून दाखवा."