दाराकडे टोकं केलेले बूट

बाबांना जाऊन आज एकोणपन्नास दिवस झाले. आत्मा घर सोडतो तो हा दिवस.

जपानातल्या सेंदाई शहरातल्या आमच्या घरातले विधी उरकल्यावर आई म्हणाली, “चिसातो, यांचं ते व्हिडिओ गेममधलं गाव उघड ना. फुलं वाळली असतील बिचारी.”

निवृत्तीनंतर बाबा रोज त्या गावातल्या फुलांना पाणी घालायचे, शेजारच्या अस्वलाशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. तिथलं घड्याळ आपल्याबरोबरच चालतं. एव्हाना तण माजायला हवं होतं.

तण नव्हतं. फुलं ओली होती.

शेवटचा खेळ कधीचा, हे मी दोनदा तपासलं. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवसाचा.

खेळातल्या घराच्या दारात त्यांचे बूट होते, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट लावलेले.

“निघताना चटकन पायात घालता यावेत म्हणून चाळीस वर्षं यांचे बूट मीच वळवून ठेवले,” आई म्हणाली. “आज निघताना अक्कल आली म्हणायची.”

बुटांशेजारी बायकी चपलांचा जोड होता, निळा. त्याचीही टोकं बाहेरच होती.

“माझा आवडता रंग लक्षात होता तर,” आई कौतुकाने म्हणाली, आणि उठून दाराकडे गेली.