बर्फातला कावळा

पिंड जागेवर नव्हता.

मयुरेशनं खुंटावरचा भुसभुशीत बर्फ हातानं बाजूला केला. खाली कागदी डिश तेवढी होती, रिकामी. त्याला जरा हायसं वाटलं. कावळा शिवला असेल तर बाबा आज जेवतील.

काल आईचा दहावा दिवस होता. सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून आई-बाबा पुण्याहून इथे जर्मनीत, येनाला आले, आणि आई इथेच हार्ट अटॅकनं गेली. पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. जंगलाच्या तोंडाशी, या कापलेल्या झाडाच्या खुंटावर मयुरेशनं पिंड ठेवला. कावळे वरच्या फांद्यांवर होते, चिक्कार होते. एकही खाली उतरला नाही.

"इथले कावळेही डॉक्टरांसारखे टर्मिनची वेळ ठरल्याशिवाय येत नसतील," बाबा म्हणाले. हसलं कुणीच नाही.

गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावा, शास्त्रात आहे. बाबा ऐकेनात. "गवताचा कावळा मला चालायचा नाही. खरा शिवल्याशिवाय मी घास घेणार नाही."

इन्सुलिनवरचा माणूस, आणि हा हट्ट. त्यात आठवा महिना लागलेली उल्का म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवल्याशिवाय मी पण नाही." सासरा-सुनेच्या मध्ये मयुरेशच्या नाकी नऊ आले. हातापाया पडून झालं, ओरडून झालं. दोघं तशीच उपाशी झोपली.

पहाटे बर्फ पडला. मयुरेश उठला तर बाबा कोट घालून खुर्चीत बसलेले, पायात ओले बूट. "तू पुढे जाऊन बघ," ते म्हणाले. "मी येतो सावकाश."

आता तो खुणा शोधू लागला. वाटेच्या सुरुवातीला लहान मुलांसाठी एक पाटी होती, प्राण्यांच्या पावलांच्या चित्रांची. तिचा फोटो त्यानं मोबाइलवर काढून आणला होता. सशाच्या उड्या सापडल्या. हरणाचे खूर सापडले. आणि एका ओळीत सरळ खुंटापर्यंत आलेली, वळसा घालून परत गेलेली पावलं. ती त्यानं चित्राशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिली.

कोल्हा. आईचा पिंड कोल्ह्यानं नेला.

ऑफिसात लेन्सची मायक्रॉनमधली मापं घेणारा मयुरेश कावळ्याच्या एका पायासाठी बर्फात गुडघे टेकून रडत होता, आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. करणार तरी काय? कावळ्याला का कुणी हाताला धरून आणतं?

वळणावर बाबांची टोपी दिसली. उल्काच्या आधारानं येत होते, मध्येच थांबत होते.

मयुरेशनं कोल्ह्याच्या खुणा बाहीनं पुसल्या. हातमोजा काढला. तीन बोटं पुढे, अंगठा मागे. एक पाऊल, मग दुसरं, मग खुंटाच्या कडेला आणखी. आई, माफ कर, असं पुटपुटत तो कावळ्याचे पाय उमटवत राहिला.

बाबा आले. खुंटाजवळ वाकून त्यांनी पावलं पाहिली.

"कावळाच आहे, बाबा. हवं तर पाटीवरचं चित्र बघा."

"चित्र कशाला बघायला हवं?" त्यांनी हात जोडले. "शिवला म्हणायचा. सुटली बिचारी." मग डोळे पुसत मयुरेशकडे वळले. "हातमोजा घाल रे. बोटं लाल झाली आहेत तुझी."

घरी उल्कानं वरणभात वाढला. बाबांनी घास घेतला आणि म्हणाले, "बस गं पोरी, तू पण." उल्का पोटभर जेवली, भात पुन्हा मागून घेतला. खोटं बोललो, पण दोघं जेवली, असं मयुरेशनं मनाला समजावलं. आईचं काय राहून गेलं होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं, आणि त्यावर त्याच्याकडे काही इलाज नव्हता.

जेवून बाबा आडवे झाले. त्यांचा ओला कोट हीटरवर वाळत घालताना खिसा जड लागला, म्हणून मयुरेशनं आत हात घातला. रुमालात बांधलेला पिंड होता, वरचे काळे तीळसुद्धा तसेच.