किचन – ऑनलाइन

मोटारीचा नवा स्विच वायफायला जोडायला अर्पिता स्वयंपाकघरातच बसली. पाण्याची मोटार मोबाइलवरूनच चालू-बंद करता येईल म्हणून नवऱ्यानं, जीवननं, तो पुण्याहून जळगाव जामोदला कुरियर केला होता. “माझ्याच आयडीनं लॉगिन कर, मले मीटिंग हाये,” म्हणत त्यानं घाईघाईत ओटीपीही सांगितला होता. पलीकडे सासू, अंबूबाई, बल्बच्या उजेडात अंबाडीची भाजी निवडत होत्या. दोघींत बोलणं नव्हतं.

अर्पितानं वायफायचा पासवर्ड टाकला. स्विचवरचा निळा दिवा लुकलुकायचा थांबला. मोबाइलवर नाव आलं, ‘मोटार – ऑनलाइन’. त्याच्याखाली आणखी एक नाव होतं. ‘किचन – ऑनलाइन’.

किचनमध्ये तर असं काहीच बसवलेलं नव्हतं. तिनं त्या नावावर बोट ठेवलं.

पडद्यावर एक बाई दिसली, वरून, पाठमोरी. खांद्यावर उसवलेलं ब्लाऊज. शेजारी एक म्हातारी भाजी निवडत होती. अर्पितानं हात वर केला. क्षणभरानं त्या बाईनंही केला.

तिनं मान वर करून पाहिलं. मधोमध कॅमेऱ्याचा काळा ठिपका असलेला बल्ब. गणपतीत आला तेव्हा जीवननं स्वतः स्टुलावर चढून लावलेला.

शेजारची पूनम इतका वेळ काऊन बसली होती? माहेरच्या फोनवर तू कायले रडत होती? त्याचे सगळे प्रश्न एकामागून एक आठवत गेले. त्याला हे कोण कळवतं, याचा संशय तिला एकाच माणसावर होता. त्या माणसाशी ती दिवाळीपासून धड बोलली नव्हती.

“आई,” ती मोबाइल पुढे करत म्हणाली, “हे पाहा.”

अंबूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. स्वतःला ओळखायला त्यांना वेळ लागला.

“हे तं मी हाये.” मग त्यांनी वर पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “जीवननं लावला?”

“हाव.”

“अन् तुले वाटे, मीच सांगून राह्यली त्याले.”

अर्पितानं होकारार्थी मान हलवली.

अंबूबाई उठल्या, भिंतीला धरत बोर्डापाशी गेल्या आणि बटण दाबलं. स्वयंपाकघरात अंधार झाला. पडद्यावरचं चित्रही गेलं.

दोन मिनिटंही झाली नसतील, अंबूबाईंच्या हातातला तो मोबाइल वाजला. जीवन. अर्पितानं त्यांना फक्त स्पीकरचं बटण दाखवलं.

“हॅलो, लाइट गेली काय तिकडं?” जीवन विचारत होता. “अर्पिता? कोन हाये?”

“मी हाये.”

“आई? अर्पिता कुठं हाये?”

“काऊन,” अंधारात अंबूबाई म्हणाल्या, “दिसून नाही राह्यली काय तुले?”